तिसरं सुतारपाखरू

चारठाणा, ता. ११ जानेवारी १९५३

आक्का,

पायावर डोकं ठेवून रायभान लिहितो. माझा पूर्ण्याचा पत्ता आता फाडून टाक. कोळशाच्या यार्डातलं काम सोडलं. भांडण-तकरार काही नाही. एक दिवस इंजिनाच्या धुराकडं बघता बघता कंटाळा आला आणि समोर उभी होती त्या गाडीत चढलो. सेलूला उतरलो. तिथून एकाची मेंढरं डोंगराकडं चालली होती, त्याच्याशी गप्पा मारत मी पण चाललो. बा असता तर म्हणाला असता, "लेकरं शहाणी व्हावीत म्हणून मी मेंढरं सोडून शाळेत शिपाई झालो, आणि हे बेणं पुन्हा मेंढरांच्याच मागं!"

इथं एक अजब नोकरी लागली आहे. हसू नको. दिनकरराव म्हणून निजामाच्या वेळचे जनावरांचे डॉक्टर आहेत, रिटायर होऊन चारठाण्यात राहिलेत. त्यांना पाखरांचा नाद. पण गुडघे गेलेत, डोंगर चढवत नाही. तर त्यांच्या बदली मी झाडाखाली बसायचं, सुतारपाखरं काय करतात ते बघायचं आणि संध्याकाळी येऊन सांगायचं. दोन वेळची भाकर, झोपायला पडवी आणि गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीतून काल मी एका मुंगळ्याला लय वेळ बघत बसलो, त्यात पाखरू कधी आलं-गेलं कळलंच नाही. डॉक्टर रागावले.

झाड म्हणजे वाळलेल्या सालईचा बुंधा. वर ढोली. पाखरं मोठी आहेत, पाठ सोन्यासारखी, मानेमागं पांढरा पट्टा. नराच्या डोक्यावर लाल तुरा, मादीच्या पिवळा. आता गंमत ऐक. एका ढोलीला जोडीच असायला पाहिजे ना? इथं तीन आहेत. तिसरी पण पिवळ्या तुऱ्याची. गेल्या सालची लेक असंल असं डॉक्टरांना वाटतं, पण खात्री नाही; म्हणून तर मला बसवलंय. ती पण चारा आणते, ढोलीत बसते, राखण करते.

डॉक्टरांचा एकच हुकूम आहे. "रायभान, बघायचं. हात लावायचा न्हाई. घोरपड चढली तरी न्हाई. तू हात घातलास की ते त्यांचं राहत न्हाई, तुझं होतं."

इथं जुनी देवळं लय आहेत. एका खांबावर बाई कोरली आहे, तिचं नाक अगदी तुझं. तिला रोज रामराम करून पुढं जातो. दाजी बरे आहेत का? तू कशी आहेस ते लिही. तू कधी लिहीतच नाहीस.

तुझा
रायभान


टाकळी, ता. पाथरी, २४ जानेवारी १९५३

रायभान,

तुझं पत्र पोचलं. मामंजींनी फोडलं, वाचलं, मग मला दिलं. तुला ठावं हाय, या घरात टपाल सासऱ्याच्या हातातूनच येतं. लय हसले. म्हणले, "सूनबाई, तुझ्या भावाला झाडाखाली बसायचा पगार मिळायलाय."

मी हे शाळेच्या मास्तरांच्या घरी बसून लिहायलीय. त्यांच्या बायकोला हळद कांडू लागायला येते, तेवढीच फुरसत. मास्तर माझं पत्र टाकतील, पण तुझं उत्तर परस्पर माझ्या हातात द्यायला ते भितात. मामंजींशी वाकडं घ्यायची कुणाची छाती न्हाई.

आता नीट वाच. मुंगळा बघत बसू नको.

माझी कूस उजवली न्हाई. मामंजींनी तुझ्या दाजींसाठी दुसरी बघितली हाय. गोदावरीपलीकडची हाय, कडूबाई नावाची. तुझ्या दाजींनी व्हय म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. बैलाला पेंड चारत बसतात.

आपल्यातली रीत तुला ठावं हाय. पहिली जित्ती असताना दुसरी आणायची, तर पहिलीच्या माहेरच्या माणसानं सासरच्या ओट्यावर पंचांसमोर विडा उचलून खाल्ला पाहिजे. खाल्ला, की माहेर राजी. खायचा नसंल तर त्यानं उठायचं, आपल्या बहिणीचं मनगट धरायचं आणि तिला घेऊन जायचं. तिच्या नावची मेंढरं बी तिच्या मागं चालतात, कुणी अडवत न्हाई. विडा खाल्ल्याबिगर नवरीचा बाप पोरगी देत न्हाई. बा गेला, काका गेले. माहेर म्हणजे तू एकटा.

मला सवतीच्या हाताखाली राहायचं न्हाई. जिंतूरच्या आपल्या घराचं छप्पर गेलं असलं तरी भिंती हायत. तिथं मी मेंढरं राखीन. तू उंडारत फिर, मी बोलणार न्हाई. पण मला इथून ने. होळीच्या आधी ये.

उत्तर पाठवलंस तर यातलं एक अक्षर लिहू नको, मामंजी वाचतात. पाखरांचंच लिही. मी समजून घेईन की माझं पत्र पोचलं.

भिवरा


चारठाणा, ता. ३ फेब्रुवारी १९५३

सौ. भिवराबाईस रायभानचा नमस्कार. मामा, आत्याबाई आणि दाजी यांनाही दंडवत.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडं सगळं खुशाल. सुतारपाखरांची हकीकत लिहितो.

पिल्लं निघाली! ढोलीच्या तोंडाशी दोन डोकी दिसायलीत, एक दांडगं, एक मरतुकडं. तिन्ही पाखरांची नुसती धावपळ चाललीय. बाप एक अळी आणतो तर तिसरी दोन आणते. आई आत बसलेली असली की तिसरी फांदीवरून बारीक आवाज देते. आई बाजूला सरकते, तिला वाट देते. मला आधी वाटलं होतं, दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतील. पण नाही. आईनं तिला एकदा पण चोच मारलेली मी बघितली नाही. घर एक, आया दोन. पिल्लांना कळत पण नसंल खरी कोणती, आणि ते विचारत पण नाहीत; ज्याच्या चोचीत अळी त्याच्याकडं तोंड वासायचं. तिसरीला स्वतःचं काहीच नाही, पण तिला त्याची फिकीर दिसत नाही. दिवस मावळताना बाजूच्या फांदीवर अशी बसते जसं काही पाटीलकी तिचीच आहे. डॉक्टर म्हणतात, तिसरी नसती तर मरतुकडं पिल्लू जगलंच नसतं.

मला हे बघताना लय बरं वाटतं. झाडाखाली बसून पाठ दुखते ती पण विसरतो.

पिल्लं उडाली की मी मोकळा. मग पाथरीच्या बाजूला फिरायला येईन म्हणतो.

रायभान


टाकळी, ता. १२ फेब्रुवारी १९५३

रायभान,

तुझ्या पाखरांनी घात केला.

आमच्याकडं नुकताच सप्ता झाला. महाराजांनी सात दिवस दृष्टांत सांगितले. बगळ्याचा सांगितला, मुंगीचा सांगितला, हत्तीच्या कानातल्या माशीचा बी सांगितला. गावाचे कान अजून तसेच हायत. तेवढ्यात तुझं पत्र आलं. मामंजींनी ते देवळाच्या पारावर नेऊन मोठ्यानं वाचलं. मी पाण्याला चालले होते, घागर घेऊन तिथंच थांबले.

"घर एक, आया दोन," इथवर आले आणि आश्रुबांनी हात वर केला. तू त्यांना बघितलं हायेस, पंचांत सगळ्यांत म्हातारे. म्हणले, "थांबा. परत वाचा." परत वाचलं. आश्रुबांचे डोळे भरले. म्हणले, "पोरगं उंडगं हाय, पर काय दृष्टांत दिला! बहिणीबद्दल सरळ लिहायला त्याचा हात धजला न्हाई, म्हणून पाखरावर घालून लिहिलं. व्यंकटराव, माहेर राजी हाय."

मी म्हणलं, "बाबा, तो पाखरंच राखतो. पाखरांचंच लिहिलंय."

आत्याबाई बायकांत होत्या. त्या म्हणल्या, "भावाला समजलं ते हिला समजंना."

बत्तासे वाटले. मला बी एक दिला. मी शेळीला घातला.

चूक माझी हाय, पाखरांचं लिही असं मीच सांगितलं. पण तू इतकं गोड कशाला लिहिलंस?

अजून सगळं गेलं न्हाई. दृष्टांतानं मन कळतं, पण रीत विड्याचीच. होळीच्या आधीच्या बाजारादिवशी ओट्यावर पंच बसणार हायत. त्या दिवशी ये. विड्याला हात लावू नको. उठ, आत ये, माझं मनगट धर. मी गाठोडं बांधून दाराआड उभी राहते. बाकीचं काही बोलायची तुला तसदी न्हाई.

मास्तरांना बी वाईट वाटलं. आता त्यांच्या पत्त्यावर लिही, ते देतील.

भिवरा


चारठाणा, ता. १७ फेब्रुवारी १९५३

आक्का,

येतो. बाजारादिवशी टाकळीत असेन. माझी शपथ.

तुझं पत्र वाचून अंगाची आग झाली. दृष्टांत कसला! त्या म्हाताऱ्याला इथं आणून सालईखाली बसवतो, वरून पाखरांची शीट अंगावर पडली की कळंल दृष्टांत आहे का काय ते.

आज निघणारच होतो, पण सकाळी घोरपड चढली. खरंच चढली, आक्का. बुंध्याला चिकटून, जीभ काढत, हळूहळू ढोलीकडं. बाप आणि आई दोघं चाऱ्याला गेलेले. मी दगड उचलला. आणि डॉक्टरांचा हुकूम आठवला. दगड हातात धरून मी बघत राहिलो. तेवढ्यात तिसरी आली. तिनं घोरपडीच्या डोळ्यावरच झडप घातली. एकदा, दोनदा. शेपटीचा फटका बसून खाली पडली, पुन्हा उडाली. घोरपड शेवटी उतरली, पण दांडगं पिल्लू घेऊन उतरली. मरतुकडं राहिलं.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "शाब्बास. हात आवरलास, हे मोठं काम केलंस."

दगड अजून खिशात आहे. टाकवत नाही.

उद्या निघतो.

रायभान


टाकळी, ता. ८ मार्च १९५३

रायभान,

तू इथं येऊन गेलास, तरी मी लिहायलीय. तू ओट्यावर होतास आणि मी दाराआड. दोन जागांवरून एकच गोष्ट सारखी दिसत न्हाई.

तू आलास तेव्हा तोंड घट्ट मिटलेलं होतं. मला वाटलं बाच चालत आला. मी पदर खोचला, गाठोडं उचललं. मामंजी सामोरे गेले, तुला घोंगडी अंथरली. "या पाखरांचे डॉक्टर!" तू म्हणलास, "मामा, मी त्या पत्राचा खुलासा करायला आलोय." बराबर म्हणलास.

"करा की," मामंजी म्हणले. "आमाला बी ऐकायचंय. ते घोरपडीचं काय झालं म्हणं?"

तुझ्या पत्रातलं मास्तर कुठंतरी बोलले असतील.

तिथं तू घसरलास. आधी म्हणलास, "ते नंतर." मग म्हणलास, "घोरपड का? अहो, ती अशी लांब." मग उभा राहिलास. तुझ्या उजव्या हाताची घोरपड झाली आणि ओट्याच्या खांबावर चढायला लागली. पोरं पुढं सरकली. पंच पुढं सरकले. खरं सांगते, मी बी फटीला डोळा लावला. तुला सांगता येतं, रायभान. बाला बी येत होतं.

आश्रुबांनी तबक पुढं केलं. तू त्याच्याकडं बघितलं बी न्हाईस. डाव्या हातानं विडा उचललास, उजवा हात खांबावरच होता. तोंडात घातलास. चघळत चघळत म्हणलास, "आणि मग तिसरी आली!"

आश्रुबांनी रिकामं तबक मागं घेतलं. मग मामंजी म्हणले, "आली, आली. तिसरी आली." आणि सगळा ओटा हसला.

तेव्हा तुला कळलं. तू थुंकायला वळलास, पण गिळला होतास. तुझे ओठ लाल झाले होते. तू दाराकडं बघितलंस. मी दिसत नव्हते, पण मी तिथंच होते.

मी गाठोडं सोडलं. लुगडी परत ठेवली. मग पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवलं, त्यात तुझा बी कप होता. तू चहा घेतलास. जाताना दारातून "आक्का, येतो" म्हणलास. मी "ये" म्हणलं.

कडूबाई आली. अंगानं चिपाड हाय. माझ्याच मागं मागं फिरते, मला आक्का म्हणते. तिला भाकरी बी थापता येत न्हाई. मी शिकवायलीय.

भिवरा


पूर्णा, ता. २० ऑगस्ट १९५३

आक्का,

लिहायला तोंड नव्हतं. टाकळीहून निघालो तो चारठाण्याला गेलोच नाही. नांदेड, मग बासर, मग कुठं कुठं. मोटार हाकायला शिकलो, अर्धीच. एका तमाशाच्या फडाबरोबर सामान वाहिलं. आता परत यार्डात कोळसा उपसायलोय.

इथं स्टेशनावर आश्रुबा भेटले. पूर्ण्याला लेकीकडं आले होते. मी त्यांच्या पाया पडलो आणि विचारलं, "बाबा, विडा परत करता येतो का? पंचांसमोर दुसरा विडा ठेवून, जे झालं ते उलटं?"

ते म्हणाले, "खाल्लास ना?"

"खाल्ला."

"मग पोटातलं परत कसं देशील, लेकरा? न खाता नुसता खिशात घातला असतास तरी बोलायला जागा होती."

मग त्यांनी मला स्टॉलवर नेऊन चहा पाजला. मी प्यायलो. आक्का, कुणीही काहीही पुढं केलं की मी घेतो. हात आपोआप पुढं जातो.

पाऊस उघडला की डॉक्टरांकडं परत जाणार आहे. त्यांचा निरोप आला होता, थंडीत पाखरं पुन्हा जमतील म्हणून.

तू रागावलीस तर रागाव, पण लिही.

रायभान


टाकळी, ता. १५ मार्च १९५४

रायभान,

लय दिवसांनी लिहायलीय. इथून मास्तरांचं घर लांब पडतं. मी आता गावातल्या घरात न्हाई, शेतातल्या आखाड्यावर राहते. बैल, शेळ्या, सालगडी आणि मी.

कडूबाईला लेक झाली. बाळंतपण मीच केलं. लेकरू आधी माझ्याच हातावर रडलं. पण ते अंग धरंना. दूध कमी, रडणं जास्त. आत्याबाई म्हणल्या, वांझेची सावली पडायलीय. मग मामंजी म्हणले, "सूनबाई, आखाड्यावर बी माणूस लागतंच." तुझ्या दाजींनी माझी वळकटी गाडीत ठेवली. नीट बांधून ठेवली.

आता मजा बघ. माझी सावली नको म्हणून मला इकडं काढलं, आणि कडूबाई दिवसाआड चोरून लेकरू घेऊन इकडंच येते. म्हणते, "आक्का, हिला तुमीच घ्या, माझ्याजवळ गप ऱ्हात न्हाई." मी कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजते. पीतं. मग माझ्या मांडीवर झोपतं, आणि ती पोर बी बाजूला भिंतीला टेकून झोपते. ती बी लेकरूच हाय. तिचा राग मला करता येत न्हाई, हीच पंचाईत.

तुझ्या त्या तिसऱ्या पाखराचं पुढं काय झालं ते लिही. खोटं लिहू नको. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच लिहू नको.

भिवरा


चारठाणा, ता. २८ मार्च १९५४

आक्का,

खोटं लिहीत नाही.

तिला हाकललं. दिवाळीनंतर जोडीनं त्याच बुंध्यात खाली नवी ढोली कोरायला घेतली. ती जवळ यायला लागली तशी आई तिच्या अंगावर जायला लागली. आधी नुसती ओरडायची. मग पिल्लं निघाली आणि तिसरी पहिल्याच दिवशी अळी घेऊन आली, जशी गेल्या साली आणायची तशी. आईनं तिला बुंध्यावरून खाली पाडलं. ती पुन्हा आली. पुन्हा पाडलं. चोचीत अळी तशीच होती. पिसं उडालेली मी बघितली. बाप वरच्या फांदीवर साल सोलत होता. त्यानं मान पण वळवली नाही.

गेल्या सालचं मरतुकडं, जे हिनं घोरपडीपासून राखलं, ते पण आईच्या मागं मागं ओरडत होतं.

माझ्या खिशात तो दगड होता. काढला नाही. कुणाला मारणार?

आता ती ओढ्यापलीकडच्या वाळक्या पळसावर एकटी असते. एक ढोली कोरायला घेते, अर्धी सोडते, दुसरी घेते. एकही पुरती होत नाही. सांजेला सालईकडं तोंड करून आवाज देते. डॉक्टर म्हणाले, "आता आपल्याला उमगलं. मूल वाढवायला हात लागतात तोवर ठेवतात." ते खूश होते. मी त्यांना म्हणालो, "गेल्या साली ती नसती तर यांची ढोली रिकामी झाली असती." ते म्हणाले, "ते आपण ठरवायचं न्हाई, आपण बघायचं."

हेच डॉक्टर म्हणत होते की मुंबई इलाख्यात आता एक बायको असताना दुसरी करायची बंदी आहे. आपण निजामाच्या मुलखातले. आपल्यापर्यंत कायदा अजून चालत यायचाय, माझ्यासारखाच रस्त्यात कुठंतरी बसला असंल.

आक्का, मला विडा परत करता येत नाही. पण आखाड्यावर ओटा नाही, पंच नाहीत, तबक नाही. मी येतो आणि तुला नेतो. जिंतूरच्या घरावर मी चार पत्रे टाकलेत. पडवीचं राहिलंय, पण चूल पेटते. दिवस सांग.

रायभान


टाकळी, आखाडा, ता. १० एप्रिल १९५४

रायभान,

तुझं पत्र लय वेळा वाचलं.

पत्रे टाकलेस हे खरं ना? खरं असंल तर ये.

अठरा तारखेला पाथरीला बाजार हाय. सालगडी पहाटेच गाडी घेऊन जातात, एक राखणदार तेवढा मागं राहतो, तो खळ्यावर झोपतो. उजाडता उजाडता ये. आखाड्यामागं ओढा हाय, ओढ्यावर करंजाचं मोठं झाड हाय, त्याखाली थांब. इकडं येऊ नको. हाक तर मुळीच मारू नको. राखणदार जागा झाला तर आरडा करंल, मळ्यांतली माणसं येतील, तुला मारतील.

मी आले तर काही न बोलता चालायला लाग. न आले तर परत जा, आणि पुन्हा या गोष्टीचा विषय काढू नको. माझ्या मनाचं मलाच अजून उमगंना. कडूबाईची पोर आता मला ओळखते.

भिवरा


मानवत रोड स्टेशन, ता. १८ एप्रिल १९५४

आक्का,

मी आलो होतो. या वेळी कुठं थांबलो नाही, कुणाशी बोललो नाही, रात्रीपासून करंजाखाली होतो. उजाडायला लागलं तसा बुंध्यामागं सरलो, राखणदाराला दिसू नये म्हणून. डॉक्टरांची दुर्बीण गळ्यात होती.

तू आखाड्यातून निघालीस. कडेवर गाठोडं होतं. म्हणजे मला तसं वाटलं. दुर्बीण लावली तर ते लेकरू होतं.

ओढ्याच्या अलीकडं बांधावर तू थांबलीस. दुर्बिणीत तू इतकी जवळ होतीस की हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. तू करंजाकडं बघत होतीस. तुझे ओठ हलले. लेकराशी बोलायलीस असं मला वाटलं. राखणदार खळ्यावर उताणा झोपला होता, तो पण दिसत होता. लय वेळ उभी राहिलीस. ऊन तुझ्या पायापर्यंत आलं.

माझ्या तोंडात हाक आली होती. पण तू लिहिलं होतंस, मारू नको. आणि मला वाटलं, एकदा न विचारता बोललो, त्यानं तुझं वाटोळं झालं. या वेळी तुझं तूच ठरवावंस. मी मध्ये यायचं नाही. मी बुंध्याला गाल लावून बघत राहिलो.

मग तू वळलीस आणि लेकराला घेऊन परत गेलीस. मला समजलं. पोरीला सोडून तुझा पाय निघाला नाही. तुझं बरोबर आहे. मी काही म्हणत नाही.

समोर गाडी उभी आहे. कुठं जाते ते विचारलं नाही. दुर्बीण सेलूच्या एका माणसाबरोबर डॉक्टरांकडं पाठवतोय. तू लिहिलंस तर त्यांच्या पत्त्यावर लिही, कधीतरी मिळंल.

रायभान


टाकळी, आखाडा, ता. २ मे १९५४

रायभान,

लेकरू मी सोबत न्यायला आणलं नव्हतं आणि परत फिरायला बी न्हाई. कडूबाईला सगळं सांगितलं होतं. ती मागनं येत होती. ओढ्यावर तिच्या हातात लेकरू देऊन मी निघणार होते. माझं लुगडं आणि बाची घोंगडी तिच्याजवळ बांधलेली होती.

बांधावर थांबले. करंजाखाली कुणीच दिसलं न्हाई. तुझं नाव घेतलं, हळूच, दोनदा. ऊन वर आलं. मला वाटलं, आला न्हाईस. वाटेत कुठं बसला असशील.

पाखरांचं आता लिहू नको.

मी सांगितलं होतं, हाक मारू नको. तरी मारायची होतीस.

भिवरा